कोणती गादी, कोणती भाषा?

मुंबईत १८७५ साली 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' या नावाने जी दलालमंडळी संघटित झाली, त्यांच्या धंद्याचे भांडवल पैशाइतकेच कंठ, कान आणि स्मरणशक्ती हेही होते. गलबल्यात नेमका भाव ऐकावा, हाताच्या खुणेने सौदा पक्का करावा, चिठ्ठीवर दोन आकडे टिपावेत आणि संध्याकाळी पेढीवर परतून कीर्द-खतावणीत त्यांची नोंद करवावी, हा शिरस्ता शंभरांहून अधिक वर्षे अबाधित चालला, आणि या विद्येचे विद्यालय कोठेच नसल्यामुळे ती गुमास्त्याने शेटजींच्या मागे उभे राहूनच आत्मसात करावी लागे. नोव्हेंबर १९९४ मध्ये नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने समभागांचे सौदे संगणकाच्या पडद्यावर सुरू केले, मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही 'बोल्ट' नावाची आपली यंत्रणा उभी केली, आणि दलाल स्ट्रीटवरचा तो गलबला शांत झाला. त्यानंतरच्या तीन दशकांत पडद्यापुढे बसलेला माणूसही हळूहळू बाजूला सरत गेला आणि भाव वाचणे, निर्णय घेणे व सौदा टाकणे ही तिन्ही कामे संगणकाच्या प्रोग्रामकडे गेली.

परिणामी, आज सांगलीच्या किंवा लातूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडणारा जो मुलगा, आणि अलीकडे मुलगीही, 'मला मार्केटमध्ये करिअर करायचंय' असे घरी जाहीर करतो, त्याचा पहिला प्रश्न ताळेबंदाविषयी नसतो, व्याजदराविषयी नसतो. 'कोणती लँग्वेज शिकू?' हा असतो. या प्रश्नाला उत्तरे देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. पायथन आले की सर्व आले असे एक सांगतो, सी प्लस प्लस येत नसेल तर पगाराची अपेक्षाच धरू नये असे दुसरा बजावतो, आणि तिसरा आपल्या शनिवार-रविवारच्या वर्गाचे माहितीपत्रक पुढे करतो. यांतील पहिल्या दोघांचे म्हणणे आपापल्या ठिकाणी खरे असूनही उपयोगाचे नाही, कारण बाजारातली नोकरी ही एक नोकरी नव्हेच. तेथे गाद्या अनेक आहेत, आणि सौदे जुळवणाऱ्या मध्यवर्ती संगणकापासून प्रत्येक गादी किती लांब आहे, यावरून त्या गादीची भाषा ठरते. हे अंतर अलंकारिक नाही; ते किलोमीटरांत आणि मायक्रोसेकंदांत मोजता येते.

काचेच्या तंतूतून एक किलोमीटर जाण्यास प्रकाशाला सुमारे पाच मायक्रोसेकंद लागतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पुण्याच्या घरातून वांद्रे-कुर्ला संकुलातील नॅशनल स्टॉक एक्स्चेंजपर्यंतचे अंतर अगदी सरळ रेषेत धरले तरी शंभर किलोमीटरांहून अधिक भरते, म्हणजे जाण्यात पाचशे आणि येण्यात पाचशे असे किमान हजार मायक्रोसेकंद केवळ प्रवासात खर्च होतात, आणि प्रत्यक्षातील तारा सरळ रेषेत जात नसल्यामुळे खर्च याहून मोठाच असतो. याउलट, २०१० च्या सुमारास एक्स्चेंजने दलालांना आपले संगणक बाजाराच्याच आवारात भाड्याने ठेवण्याची जी मुभा दिली, आणि जिला धंद्यातली माणसे नुसते 'कोलो' म्हणतात, त्या कोलोमधले यंत्र भाव वाचून सौदा पाठवण्याचे सारे काम मोजक्या मायक्रोसेकंदांत उरकते. तेव्हा पुण्यात बसून वेगाच्या लोभाने सी प्लस प्लस शिकणारा मनुष्य ज्या शर्यतीसाठी बूट शिवून घेतो आहे, ती शर्यत तो दारातून निघण्यापूर्वीच संपलेली असते.

पण ज्याला कोलोच्या गादीवरच बसायचे आहे, म्हणजे स्वतःच्या भांडवलावर सौदे करणाऱ्या पेढ्यांत, ज्यांना 'प्रॉप डेस्क' म्हणतात, तेथे यंत्रणा बांधायची आहे, त्याला सी प्लस प्लसवाचून गत्यंतर नाही. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी बेल लॅब्जमध्ये १९७९ पासून घडवलेली ही भाषा वयाने प्रौढ आणि स्वभावाने कडक आहे. परंतु स्मृतीचा कोणता तुकडा केव्हा घ्यायचा आणि केव्हा सोडायचा याचा संपूर्ण अधिकार ती लिहिणाऱ्याच्या हाती ठेवते. पायथनमधील हुकूम आयत्या वेळी वाचून त्यांचा अर्थ लावला जातो, जावाची यंत्रणा वापरून झालेली स्मृती झाडण्यासाठी मधूनच क्षणभर थबकू शकते, आणि तो क्षण नेमका भाव उसळण्याचा असला तर पेढीला भुर्दंड बसतो. येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सी प्लस प्लस येणे म्हणजे तिचे व्याकरण येणे नव्हे. मुख्य स्मृतीतून एखादा आकडा आणण्यास सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात आणि प्रोसेसरच्या निकटच्या कॅशमधून आणण्यास अवघे काही, हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, लिनक्सचा गाभा आणि नेटवर्क कार्ड यांच्यामध्ये एखादे पाकीट कोठे रेंगाळते हे जो शोधू शकतो, त्यालाच ही गादी मिळते. याहूनही पुढे जाऊन काही पेढ्या एफपीजीए जातीच्या चिपांवर सौद्याचे तर्कशास्त्रच कोरतात, आणि त्यासाठी वेरिलॉग किंवा व्हीएचडीएल लागते. इलेक्ट्रॉनिक्स शाखेची जी मुले आपण कॉम्प्युटरवाल्यांच्या मागे राहिलो म्हणून हळहळतात, त्यांनी ही वाट अवश्य पाहून ठेवावी.

भाषेखालचे थर जाणणे का महत्त्वाचे, याचे उदाहरण मुंबईतच घडले आहे. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज प्रत्येक फेरबदलाची बातमी, म्हणजे टिक-बाय-टिक माहिती, पूर्वी टीसीपी पद्धतीने एकेका जोडणीला क्रमाक्रमाने पाठवीत असे, आणि त्यामुळे ज्याची जोडणी आधी लागली त्याच्या हाती बातमीही आधी पडण्याचा संभव होता. २०१४ मध्ये सर्वांना एकाच वेळी पाठवणारी मल्टिकास्ट पद्धत आली, परंतु आधीच्या पद्धतीवरून उद्भवलेला वाद सेबी, रोखे अपिलीय न्यायाधिकरण व न्यायालये यांच्यापुढे अनेक वर्षे चालला. कोट्यवधी रुपयांचा हा वाद ज्या मुद्द्यावर उभा राहिला, तो संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात नेटवर्किंगच्या तासाला शिकवला जातो. असाच एक लहान तपशील पैशाचा. बाजाराशी थेट बोलणाऱ्या संदेशांत भाव रुपयांत व दशांशांत न लिहिता पैशांत, पूर्णांकात लिहिले जातात. कारण दहा पैसे, म्हणजे ०.१ रुपया, हा आकडा द्विमान पद्धतीत तंतोतंत मांडताच येत नाही, आणि दशांशावर विसंबलेला प्रोग्राम दोन समान भावांना केव्हातरी असमान ठरवतो. जुन्या मुनिमांनी पै-पैचा हिशेब लावला तो याच वृत्तीने.

आता दुसरी गादी, जी मला अधिक रसाची वाटते आणि जिच्याविषयी गैरसमजही अधिक आहेत: संशोधकाची. कोणता सौदा करावा, कोणत्या दोन भावांतील संबंध खरा व कोणता आभासी, हे जुन्या आकड्यांच्या दफ्तरातून शोधून काढणे हे या मंडळींचे काम, आणि त्यांचे हत्यार पायथन. गीडो व्हान रोसम यांची ही भाषा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा तिचा वित्तव्यवहाराशी काही संबंध नव्हता. तो जोडला वेस मॅकिनी या तरुणाने, ज्याने एक्यूआर या अमेरिकन गुंतवणूक पेढीत काम करताना, २००८ मध्ये, कालक्रमाने रचलेल्या कोष्टकांची मशागत करण्यासाठी 'पांडाज' हे साधन लिहावयास घेतले. आज संशोधकाचा बहुतेक दिवस या पांडाजच्या सोबतीने जातो. पण तो दिवस प्रत्यक्षात कसा जातो, हे वर्गांची माहितीपत्रके सांगत नाहीत, म्हणून येथे जरा विस्ताराने लिहितो.

समजा, एखाद्या विद्यार्थ्याने रिलायन्सच्या समभागाचे वीस वर्षांचे दैनिक भाव उतरवून घेतले आणि त्यावर आपला नियम लावून पाहिला, की एका दिवसात भाव चाळीस टक्क्यांहून अधिक पडला तर खरेदी करावी. त्याला असे दिवस सापडतील, आणि तो हर्षभरित होईल. परंतु नोव्हेंबर २००९, सप्टेंबर २०१७ आणि ऑक्टोबर २०२४ या तिन्ही वेळी त्या कंपनीने एकास एक बक्षीस समभाग दिले होते, त्यामुळे भाव कागदावर निम्मा झाला आणि धारकाचा एक रुपयाही बुडाला नाही. विद्यार्थ्याने घसरण म्हणून जी पाहिली ती केवळ हिशेबाची फेरमांडणी होती. किंवा समजा, त्याने निफ्टीतील आजच्या पन्नास कंपन्यांची यादी घेऊन २००५ पासूनचा परतावा काढला. त्या यादीत सत्यम असणार नाही, कारण ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनी हिशेबातील लबाडीची कबुली दिली, समभाग एका दिवसात तीन-चतुर्थांशाहून अधिक कोसळला आणि त्याच महिन्यात कंपनी निर्देशांकातून वगळली गेली; पण २००५ मध्ये खरेदी करणाऱ्याला हे ठाऊक नव्हते, त्याने सत्यम घेतलाच असता. वाचलेल्यांच्या यादीवरून लढाईचा इतिहास लिहिण्याची ही चूक इतकी सार्वत्रिक आहे, की कोणत्याही बॅकटेस्टचा आलेख पुढे आला असता पहिला प्रश्न 'यादी कोणत्या तारखेची?' हा करावा.

खर्चाचे प्रकरणही असेच. १ ऑक्टोबर २०२४ पासून वायद्याच्या विक्रीवरील रोखे उलाढाल कर ०.०१२५ टक्क्यावरून ०.०२ टक्के झाला. पंधरा लाखांच्या एका सौद्यावर तो पूर्वी १८७ रुपये ५० पैसे पडे, त्या दिवसापासून ३०० रुपये पडू लागला. जुन्या दराने हजार सौद्यांचा नफा मांडणाऱ्याचा हिशेब एवढ्याने १,१२,५०० रुपयांनी चुकतो, आणि अजून दलाली, मुद्रांक शुल्क व स्लिपेज, म्हणजे मनातला भाव आणि हाती आलेला भाव यांतील तफावत, धरलेली नाही. शिवाय ज्याने हजार नियम तपासले, त्याला त्यातले सुमारे पन्नास केवळ योगायोगाने, पाच टक्क्यांच्या सांख्यिकीय कसोटीवर, खरे भासणारच. हे गणित उमजण्यासाठी पायथन नव्हे तर संभाव्यताशास्त्र लागते. माझे मत असे, की या गादीसाठी भाषा शिकण्यास सहा महिने पुरेत, आणि संख्याशास्त्र शिकण्यास पदवीची सगळी वर्षेही अपुरी पडतील. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने मागाल तो प्रोग्राम लिहून देऊ लागल्यापासून तर हे पारडे आणखीच झुकले आहे: पांडाजची चाळीस ओळींची मांडणी ते साधन क्षणात करते, परंतु बक्षीस समभागांचा तपशील त्याला विचारावा, हे विचारणाऱ्यालाच सुचावे लागते.

विक्षिप्त भाषांचाही एक लहानसा प्रांत आहे. आर्थर व्हिटनी यांच्या केडीबी प्लस या कालक्रमिक विदागाराची 'क्यू' भाषा इतकी मितभाषी आहे, की इतरत्र पानभर जाणारा मजकूर तिच्यात एका ओळीत मावतो. मोठ्या बँकांच्या सौदे विभागांत ती चालते, आणि ती जाणणारे थोडे असल्यामुळे त्यांना मान आहे. न्यूयॉर्कच्या ज्या जेन स्ट्रीट पेढीचे नाव सेबीच्या जुलै २०२५ मधील अंतरिम आदेशामुळे आपल्या वृत्तपत्रांत गाजले, आणि जिने त्या आदेशातील आरोप अमान्य केले आहेत, तिचा बहुतांश कारभार ओकॅमल या अल्पपरिचित भाषेत चालतो. मात्र ही पेढी उमेदवाराकडून ओकॅमलची अपेक्षा धरत नाही; घेतल्यावर शिकवते. तर्क स्वच्छ असेल तर भाषा पेढीवर शिकता येते, असा तिचा हिशेब दिसतो, आणि तो मला पटतो.

तिसऱ्या गादीला कोणी नावाजत नाही, परंतु नोकऱ्या तिथे फार आहेत. परदेशी बँकांनी मुंबई, पुणे आणि बंगळूर येथे जी अवाढव्य कार्यालये थाटली आहेत, तेथे जोखीम मोजणे, सौद्यांचा ताळमेळ घालणे, नियामकांना विवरणे पाठवणे ही कामे चालतात, आणि तेथील अन्नदाता एसक्यूएल आहे, त्याच्या जोडीला जावा व पायथन, आणि या सर्वांच्या खाली, कोणी मान्य करो वा न करो, एक्सेल. एक्सेलला नाक मुरडणाऱ्यांनी जेपी मॉर्गनच्या २०१२ मधील 'लंडन व्हेल' प्रकरणाचा अहवाल वाचावा. सहा अब्ज डॉलरांहून अधिक तोट्याच्या त्या प्रकरणात जोखमीचे प्रतिमान एक्सेलच्या कोष्टकांतून चालत होते, आकडे एका कोष्टकातून दुसऱ्यात हाताने चिकटवले जात होते, आणि एका सूत्रात दोन दरांच्या सरासरीने भागण्याऐवजी बेरजेने भागले गेल्यामुळे चंचलता निम्मी दिसत होती. त्या बँकेत नामांकित गणितज्ञांचा तुटवडा नव्हता. दुसऱ्याचे कोष्टक संशयाने तपासणारा कारकून त्या जागी हवा होता.

तपासणीचा हा विषय निघालाच आहे तर कोणत्याही गादीला आवश्यक असलेल्या, आणि तरी कोणी आवडीने न शिकणाऱ्या, एका विद्येविषयी लिहिले पाहिजे: केलेला बदल नोंदणे, तो चाचणीवाचून अंमलात न आणणे, आणि बिघडले तर थांबवता येणे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या पेढीने आपल्या आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्राम चढवला, तो एका सर्व्हरवर चढवायचा राहिला, आणि त्या एकावर २००३ पासून वापरात नसलेली जुनी कार्यपद्धती जागी होऊन पंचेचाळीस मिनिटांत चाळीस लाखांवर सौद्यांचे हुकूम सुटले, तेही ग्राहकांचे अवघे २१२ हुकूम पुरे करण्याच्या प्रयत्नात. पेढीचा तोटा ४६ कोटी डॉलरांवर गेला. बाजार उघडण्यापूर्वी त्या जुन्या कार्यपद्धतीच्या नावाने ९७ ईमेल आपोआप कर्मचाऱ्यांकडे गेले होते. त्यांची दखल कोणी घेतली नाही. आपल्याकडे त्याच वर्षी, ५ ऑक्टोबरला, एका दलाल पेढीकडून गेलेल्या ५९ चुकीच्या हुकुमांमुळे ६५० कोटींहून अधिक रकमेचे सौदे झाले आणि निफ्टी काही क्षणांत सुमारे नऊशे अंकांनी खाली येऊन बाजार थांबला. गिट नावाचे बदल-नोंदणीचे साधन, चाचण्या लिहिण्याची सवय आणि लिनक्सवरील लॉग वाचण्याचा चिवटपणा या गोष्टी मुलाखतीत चमकत नाहीत. परंतु नेमणूक टिकते ती त्यांवर.

उरली चौथी गादी, घरातली, स्वतःच्या पैशावर बसलेली. आणि तिच्याविषयी मला कठोर लिहिणे भाग आहे. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत समभागांच्या वायदे व ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, आणि तो एकूण १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. याच पाहणीत असेही आढळले, की २०२३-२४ मध्ये प्रॉप पेढ्यांच्या नफ्यापैकी ९६ टक्के आणि परदेशी गुंतवणूकदारांच्या नफ्यापैकी ९७ टक्के नफा अल्गो पद्धतीने, म्हणजे प्रोग्रामद्वारे झालेल्या सौद्यांतून आला. हे दुसरे आकडे पुढे करून 'तुम्हीही अल्गो शिका' असे सांगणारा शिक्षक अर्धेच सांगत असतो. त्या पेढ्यांचा नफा प्रोग्राममुळे आहे तसाच तो कोलोमुळे, भांडवलामुळे आणि डझनावारी तज्ज्ञांच्या पगारामुळेही आहे. ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने सेबीने सामान्य गुंतवणूकदाराच्या अल्गो सौद्यांना दलालाच्या जबाबदारीखाली, नोंदणी व ओळखक्रमांकासह, रीतसर वाट करून दिली हे योग्यच झाले. ज्याचे तर्कशास्त्र ग्राहकाला दिसत नाही असा 'ब्लॅक बॉक्स' अल्गो विकणाऱ्यास आता संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी करावी लागते, आणि माहितीपत्रके छापणाऱ्या अनेकांना हे कलम अडचणीचे वाटेल यात नवल नाही. घरच्या गादीवर बसणाऱ्याने पायथन शिकावे, दलालाच्या एपीआयशी बोलावे, आपले नियम कागदावर उतरवून तपासावेत, हे सर्व करण्यासारखे आहे. त्यावर चरितार्थ चालेल असे मात्र मी कोणाच्या आईवडिलांना सांगणार नाही.

तेव्हा, पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलाने वा मुलीने मला विचारले तर मी एसक्यूएल आणि पायथन या दोघांपासून आरंभ करण्यास सांगेन, कारण पहिल्या गादीखेरीज सर्वत्र त्यांचे चलन आहे आणि पहिल्या गादीवरही त्यांचा अडथळा होत नाही. त्याच्या बरोबरीने संभाव्यताशास्त्र, कारण मोठ्या पेढ्यांच्या मुलाखतींत फासे, पत्ते आणि नाणी यांचे प्रश्न भाषेच्या प्रश्नांहून आधी येतात. सी प्लस प्लस त्याने धरावे ज्याला यंत्राच्या पोटात काय चालते याचे मुळातून कुतूहल आहे, आणि धरले तर दोन-तीन वर्षांच्या बोलीने धरावे. वर्गाची फी भरण्यापूर्वी मात्र एक काम करावे, ज्याला खर्च नाही. नॅशनल स्टॉक एक्स्चेंज प्रत्येक व्यवहाराच्या दिवशी, बाजार बंद झाल्यानंतर, त्या दिवशी उलाढाल झालेल्या प्रत्येक समभागाचे भाव एका फायलीत प्रसिद्ध करते; तिला 'भावकॉपी' म्हणतात. तिच्यात बक्षीस समभागांची जुळवणी केलेली नसते, आणि जुन्या तारखांच्या फायलींत, पुढे नामशेष झालेल्या कंपन्याही जागच्या जागी असतात. दहा वर्षांच्या भावकॉप्या उतरवून घ्याव्यात, त्या एका विदागारात भराव्यात, जुळवणी स्वतः करावी, एखादा साधा नियम लावून कर व दलाली वजा जाता काय उरते ते काढावे, आणि या कंटाळवाण्या कामात महिनाभर मन रमते की नाही हे पाहावे. ही फाइल एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.